ओपल शोधायला कूबर पेडी, की स्फटिक शोधायला सिन्नर?

दगडांचा नाद लागलेल्या नाशिककराला यूट्यूब कधी ना कधी कूबर पेडीला नेऊन सोडतंच. वाळवंटात कुणीतरी मातीच्या ढिगात हात घालतो, निळं-हिरवं चमकणारं काहीतरी वर काढतो, आणि आपण रात्री साडेअकराला विमानाची तिकिटं बघायला लागतो. जरूर बघा. पण घरापासून तासाभरावर काय आहे तेही आधी बघा, कारण या दोन्हींत खर्चाइतकाच हाती काय लागतं याचाही फरक आहे.

कूबर पेडी दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या उत्तरेला साधारण ८५० किलोमीटरवर. तिथं ओपल, म्हणजे अंगठीत बसवतात तो रंग खेळणारा रत्नाचा खडा, सापडला १९१५ साली, सोनं शोधायला निघालेल्या टोळीतल्या विली हचिसन नावाच्या पोराला. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून बरीच माणसं जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. आपल्याकडे मे महिन्यात तिकडं थंडी सुरू होत असते, त्यामुळे आपल्या सुट्टीचा आणि त्यांच्या हंगामाचा मेळ बसतो, ही एक सोय.

पण 'खणायला जातो' हे डोक्यातून काढा. खणायचं तर परवाना, आखून घेतलेला जमिनीचा तुकडा, यंत्रं आणि डिझेल लागतं; तो धंदा आहे. पाहुण्याच्या वाट्याला येतं ते नूडलिंग, म्हणजे खाणवाल्यांनी उपसून टाकलेली माती पुन्हा चाळणं. गावात त्यासाठी खुली जागा आहे. तिच्याबाहेर भटकू नका. आजूबाजूला कठडा नसलेल्या उभ्या विहिरीसारख्या खाणी आहेत, आणि फोटो काढताना मागे मागे सरकू नका असे फलक तिथं उगाच लावलेले नाहीत.

चाळताना सापडतं ते बहुतेक पॉच. तोही ओपलच, पण रंग न खेळणारा: राखाडी, दुधाळ, मेणचट. ओपलमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे असतात. ते एकसारखे आणि शिस्तीत रचले गेले तरच प्रकाश फुटून रंग दिसतात, नाहीतर पॉच. म्हणून प्रत्येक खडा ओला करायचा, उन्हात तिरका फिरवायचा, आणि शंभरातले नव्व्याण्णव टाकून द्यायचे. ज्याला हे टाकून देणंच आवडतं, त्यानं जावं. खर्च वसूल होईल या हिशोबानं जाणाऱ्यानं तेच पैसे बँकेत ठेवावेत. काळा ओपल डोक्यात असेल तर कूबर पेडी चुकीचं गाव. त्यासाठी न्यू साउथ वेल्समधलं लाइटनिंग रिज. आणि खाणीत वापरलेले बूट घेऊन जाणार असाल तर ते घासून धुवा. मातीच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर अजिबात थट्टा चालत नाही.

आता आपल्याकडचं. आपला काळा पत्थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले: स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट. विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग उडाल्यावर अशी पोकळी उघडते, आणि फार वेळा थेट क्रशरमध्ये जाते. नाशिकच्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहांत आहेत. रत्न म्हणून यांना भाव नाही, कारण बहुतेक मऊ असतात, पैलू पाडायला टिकत नाहीत. पण सौंदर्य शोधायला भिंग लागत नाही. पोकळी फुटली की समोरच असतं.

अडचण वेगळीच आहे: परवानगी. इथं नूडलिंगसारखी खुली जागा नाही. खाणमालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, सुरुंगाच्या वेळा मुकादमाकडून समजून घ्या, ताज्या फोडलेल्या कड्याखाली उभे राहू नका. पावसाळ्यात तर जाऊच नका. पांडवलेण्यांच्या डोंगरावर हातोडा काढायचा विचारही नको, ते संरक्षित स्मारक आहे. खाणीतल्या कामगाराला चहापाणी देऊन 'असं काही निघालं तर बाजूला ठेवा दादा' असं सांगून ठेवणं हा सगळ्यात फळणारा उपाय, अर्थात मालकाच्या कानावर घालूनच.

घरी आणतानाच निम्मे नमुने मरतात. स्कोलेसाइटच्या सुया बोट लागलं तरी मोडतात. त्यावर ब्रश फिरवला की संपलं. नमुना खालच्या दगडाला धरून उचला, आधी मऊ टिश्यू, मग वर्तमानपत्र, मग खोका, आणि खोका डिकीत नव्हे, कुणाच्या तरी मांडीवर.

माझं मत विचाराल तर पहिला रविवार सिन्नर एमआयडीसीतल्या 'गारगोटी' संग्रहालयाला द्या. के. सी. पांडे यांनी उभारलेलं हे संग्रहालय २००१ पासून आहे. दोन तास काचेआडचे दगड बघून कंटाळा आला, तर ऑस्ट्रेलियाचा बेत आपोआप रद्द होईल आणि लाखाच्या वर वाचतील. बाहेर पडताना गाडी खाणीकडे वळवावीशी वाटली, तर वर्षभर इथंच हात बसवा. कूबर पेडी कुठं जात नाही.

शुक्रासाठी अंगठीत ओपल हवा म्हणून हे वाचत असाल, तर दोन्हीकडे जायचं कारण नाही. सराफ बाजार पुरे. खडा कोंदणात बसवण्याआधी कडेनं बघा. सरळ चिकटवलेली रेघ दिसली तर तो डबलेट किंवा ट्रिपलेट, म्हणजे ओपलचा पातळ पापुद्रा दुसऱ्या कशावर तरी डकवलेला. आणि अंगठी रात्रभर कच्च्या दुधात ठेवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. डबलेटचा डिंक सुटू शकतो, आणि इथिओपियातला ओपल बहुधा पाणी शोषणारा असतो, तो दूधही तसंच पितो.