मुलीच्या बॉक्सिंगसाठी घेतलेलं हेडगार्ड, सात महिने वापरून झाल्यावर

माझी मुलगी १४ वर्षांची आहे, नववीत, दीड वर्ष झालं बॉक्सिंगला जाते. सुरुवातीला नुसतं फुटवर्क, दोरीउड्या, बॅग आणि पॅडवर मारणं एवढंच होतं. मग सर म्हणाले आता स्पारिंग, म्हणजे जोडी लावून समोरासमोर लढायचा सराव, चालू करतोय, हेडगार्ड स्वतःचं आणा, क्लासमधली आहेत ती दहा जणांच्या घामाची आहेत. म्हणून घेतलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण अगदी असाच माल तीन-चार वेगवेगळ्या लेबलखाली दुकानात होता.

आमचं आहे ते गालावर पॅड असलेलं, सिंथेटिक लेदरचं, आत जाड फोम, वर आणि मागे नाडी, हनुवटीखाली वेल्क्रो. १८०० ला पडलं. स्पर्धेत घालतात ते वेगळं असतं, त्यात चेहरा उघडा असतो, गालाची पॅडं नसतात, पण रोजच्या स्पारिंगला सर हेच म्हणाले.

साइज ऑनलाइन अंदाजाने मागवू नका. शिवणाची टेप घ्या, भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती फिरवा आणि तो आकडा दुकानात सांगा. आणि मुली असतील तर केस जसे बांधून खेळणार तसे बांधूनच घालून बघा, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. दुकानात हिचे केस मोकळे होते, हेडगार्ड फिट बसलं, क्लासमध्ये उंच अंबाडा बांधून घातलं तर मागून वर उचललं जायचं आणि एक ठोसा बसला की पुढचा भाग सरकून थेट डोळ्यांवर. दोन आठवडे असंच चाललं. आता मानेजवळ खाली दोन घट्ट वेण्या घालते, मागची नाडी आवळून बांधते, तेव्हापासून जागेवरून हलत नाही. वेल्क्रोत मात्र मानेजवळचे केस अडकतातच.

चांगलं काय ते आधी सांगते. सात महिन्यांत तिची भुवई फुटलेली नाही, कान सुजलेला नाही, कपाळावर साधं टेंगूळ नाही. एकदा दोघींची डोकी जोरात एकमेकांवर आदळली, आवाज मी बाहेर बाकावर बसून ऐकला, दोघींना काही झालं नाही, उघड्या डोक्याने असत्या तर एकीला नक्की खोक पडली असती. शिवण अजून शाबूत आहे. आतलं कापड घाम फार पितं, घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवावं लागतं, बॅगेत राहिलं तर दुसऱ्या दिवशी हातात धरवत नाही. गालाच्या पॅडमुळे खालचं कमी दिसतं, अपरकट (खालून वर हनुवटीकडे येणारा ठोसा) येतोय ते हिला उशिरा कळतं, ही तक्रार ती पहिल्या दिवसापासून करते आणि सरांनाही ती मान्य आहे.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे एवढं लिहायला बसले. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलंय की हे हेडगार्ड मेंदूला दुखापतीपासून पूर्ण संरक्षण देतं. मी ते वाचून निर्धास्त झाले होते.

चौथ्या महिन्यात तिच्याहून जड मुलीबरोबर स्पारिंग होतं, कानशिलावर एक हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसला, डोकं गर्रकन वळलं. ही पडली नाही, शुद्ध गेली नाही, हेडगार्ड नीट बांधलेलं होतं, राउंड पूर्ण केला आणि त्यानंतर अजून एक राउंड खेळली. घरी येताना गाडीवर मागे एकदम गप्प. घरी आल्यावर मला विचारलं, आई आज डब्यात काय दिलं होतंस, मी सांगितलं, दहा मिनिटांनी परत तेच, मग परत तेच. ट्यूबलाइट बंद कर म्हणाली, डोळ्यांना त्रास होतोय. जेवायच्या आधी उलटी झाली. आम्ही लगेच हॉस्पिटलला नेलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला, मी सुटकेचा श्वास सोडला तर डॉक्टर म्हणाले स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर नाही एवढंच कळतं, कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, त्यात दिसत नाही, आणि हिला कन्कशनच झालंय.

मी त्यांना म्हटलं अहो पण हेडगार्ड घातलं होतं. ते म्हणाले, लोणच्याच्या बरणीला बाहेरून कितीही जाड टॉवेल गुंडाळा, बरणी फुटणार नाही, पण झटक्यात फिरवलीत तर आतलं लोणचं हलणारच. कवटीच्या आत मेंदू पाण्यासारख्या द्रवात असतो, डोकं एकदम वळलं की तो मागे राहतो, पिळला जातो, ताणला जातो. फोम बाहेरचा दणका थोडा पसरवतो पण ते वळणं थांबवत नाही. आणि हुकमध्ये डोकं वळतंच. आपल्याकडे मुका मार म्हणतात ना, हा मेंदूचा मुका मार.

नंतर मी याबद्दल जे मिळेल ते वाचलं. ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगला हेडगार्ड सक्तीचं झालं १९८४ पासून. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने मोठ्या पुरुष खेळाडूंसाठी ते काढून टाकलं आणि २०१६ ला रिओमध्ये पुरुष उघड्या डोक्याने खेळले. संघटनेचं म्हणणं होतं की हेडगार्डशिवायच्या लढतींमध्ये डोक्याला मार लागून लढत थांबवण्याची वेळ कमी येते, मात्र चेहऱ्यावर जखमा वाढल्या हेही दिसलं. त्यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे. महिला २०२४ ला पॅरिसमध्येही हेडगार्ड घालूनच खेळल्या. रग्बीत मऊ टोपी घालतात, तिच्यावर ऑस्ट्रेलियात चार हजारांवर तरुण खेळाडूंना घेऊन अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला, त्यात टोपीमुळे कन्कशन कमी होतं असं काही आढळलं नाही. म्हणजे ही माहिती उघड आहे, तरी खोक्यावर ते वाक्य छापतात आणि माझ्यासारखी आई ते वाचून पैसे देते, याचा मला मनापासून राग आहे.

याचा अर्थ मुलांनी हेडगार्ड काढून खेळावं असा कृपा करून काढू नका. खोक, टेंगूळ, कान, भुवई यासाठी ते हवंच, आम्ही अजून तेच वापरतोय. पण ते घातलंय म्हणून समोरची मुलगी जोरात मारते, आपली मुलगी चेहऱ्यासमोरचे हात खाली सोडते आणि बाहेर बसलेले आईवडील निवांत असतात, हे तिन्ही मी डोळ्यांनी बघितलंय.

हिला बरं व्हायला साडेतीन आठवडे लागले. पहिले दोन दिवस घरीच आराम, मोबाइल जवळजवळ बंद, मग थोडं चालणं, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण शाळा, मग हळूहळू दोरी, मग बॅग, प्रत्येक पायरीवर डोकं दुखलं की थांबायचं. स्पारिंग डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय नाही. पहिला मार पूर्ण बरा व्हायच्या आत दुसरा लागला तर तो फार महागात पडू शकतो, हे त्यांनी हिच्यासमोर बसवून सांगितलं. त्या दिवशी तो दुसरा राउंड ती खेळली, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

सरांशी मी आणि हिचे बाबा दोघंही बोललो, त्यांनी ऐकून घेतलं, बदलही केले, त्याबद्दल त्यांचे आभार. आता जोराचं स्पारिंग आठवड्यातून एकदाच, वजन बघून जोडी लावतात, बाकी दिवशी डोक्याला फक्त हलका स्पर्श, आणि कोणाला चक्कर, डोकेदुखी, अंधारी काहीही वाटलं की त्या दिवशीचा खेळ तिथेच बंद, मग पालक समोर बसलेले असोत वा नसोत. माझ्या मते १८०० रुपयांच्या वस्तूपेक्षा या नियमांनी तिचं डोकं जास्त सांभाळलंय.

हेडगार्डला पाचपैकी साडेतीन स्टार देते. दीड कापलाय तो खालचं दिसत नाही त्यासाठी आणि खोक्यावरच्या त्या वाक्यासाठी. दुकानदाराला ते वाक्य दाखवलं तर म्हणाला ताई कंपनीच छापून पाठवते. घेणार असाल तर गालाचं पॅड पातळ असलेलं बघा, घालून पूर्ण मान खाली-वर, डावी-उजवी करा, स्वतःची हनुवटी आणि मुठी दिसतात का बघा, नाही दिसल्या तर तो पीस सोडून द्या. आणि कोणी गालाचं पॅड काढता-घालता येणारं हेडगार्ड वापरलं असेल तर खाली नक्की लिहा, हिला पुढच्या वर्षी मोठा साइज लागणार आहे.