रुंद कॅट की निमुळती? बोटीवर राहायला निघालेल्यांसाठी

जहाजावरची नोकरी संपत आलेले आपल्या कोल्हापूर भागातले बरेच जण आता स्वतःची शिडाची बोट घेऊन हिवाळ्याचे चार महिने पाण्यावर राहायचा विचार करतात. एक हल (बोटीचं पाण्यात बसणारं धड) की दोन, हे त्यांचं आधीच ठरलेलं असतं. बायको बरोबर येणार, सुट्टीत नातवंडं येणार, म्हणजे दोन हलची बोट, कॅटॅमरान. गाडी अडते ती पुढे: कॅट कोणती? मी हा निर्णय घेतलेला आहे. माझ्या एका मित्राने त्याच सुमारास बरोबर उलटा निर्णय घेतला. आम्ही दोघंही डिसेंबर ते मार्च मलेशियातलं लँगकावी ते थायलंडमधलं फुकेत या पट्ट्यात असतो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघायला मिळाल्या.

केबिन किती, टाक्या केवढ्या, इंजिन किती हॉर्सपॉवरचं, हे ब्रोकरच्या कागदावर असतंच. ते सोडून देतो. चाळीस ते पंचेचाळीस फुटांच्या वापरलेल्या कॅटमध्ये मला ढोबळपणे दोन कुळं दिसतात. पहिल्या कुळात हल रुंद, पाण्याखाली दोन आखूड ठोस कील (तळाला घट्ट बसवलेले उभे पंखे) आणि वर ऐसपैस बैठक. लगून, फाउंटन पाजो, लेपर्ड ही याच कुळातली नावं. लगून ४२ ही १२.८ मीटर लांब, ७.७ मीटर रुंद आणि वजनाला बारा टनांच्या आसपास. दुसऱ्या कुळात हल निमुळते, कीलच्या जागी वरखाली करता येणाऱ्या उभ्या फळ्या, म्हणजे डॅगरबोर्ड, आणि एकूणच काटकसर. आउटरिमर आणि कटाना ही त्यातली ठळक नावं. आउटरिमर ४५ लगून ४२ पेक्षा लांब आहे, तरी काही टनांनी हलकी. माझी बोट या दुसऱ्या कुळातली, जुनी, फ्रान्समध्ये बांधलेली. मित्राची पहिल्या कुळातली.

नांगर टाकल्यावर पहिलं कुळ सरस, यात वाद नाही. मित्राची शिरोलीत फौंड्री आहे, आता मुलगा बघतो. त्याच्या बोटीवर बैठक आणि मागचा कॉकपिट (बाहेर बसायची उघडी जागा) एकाच पातळीवर आहेत. मधलं काचेचं दार सरकवलं की दहा-बारा माणसं मांडी घालून जेवायला बसू शकतात. ओटा वरच, बैठकीतच. वहिनी भाकरी थापताना गप्पांत असतात, खिडकीतून पाणी बघत असतात. आमच्या बोटीत ओटा खाली, डाव्या हलमध्ये. लिपे बेटाजवळ दोन्ही बोटी शेजारी उभ्या असल्या की संध्याकाळी सगळे त्याच्याकडेच जमतात, आम्हीसुद्धा. तो म्हणतो, ‘गड्या, तुझ्या बोटीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला मागं सरावं लागतंय.’ खरं आहे. निमुळत्या हलमध्ये पॅसेज अरुंद असतो, पलंगही अरुंद, आणि डॅगरबोर्डची पेटी आणखी जागा खाते. वर्षातले बहुतेक दिवस बोट नांगरावर किंवा मरीनात असणार असेल, तर इथेच वाचन थांबवून पहिल्या कुळातली बोट घ्यायला हरकत नाही.

मला हलवून सोडलं ते नांगर उचलल्यानंतरच्या एका गोष्टीने.

बोट घेण्याआधी आम्ही नवरा-बायको एका हिवाळ्यात भाड्याची रुंद कॅट घेऊन लिपेहून उत्तरेला कोह रोक बेटाच्या दिशेने निघालो होतो. त्या दिवसांत ईशान्य मान्सूनचा वारा जमिनीवरून येतो, त्यामुळे या पट्ट्यात प्रचंड लाटा क्वचितच असतात. पण पंधरा-अठरा नॉटचा वारा पुढच्या कोपऱ्यातून येत असला आणि त्याच वेळी प्रवाह वाऱ्याच्या उलटा वाहू लागला, की लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशी लाट दोन हलांच्या मधल्या बोगद्यात शिरते, तिथे तिला पसरायला जागा नसते, आणि ती वर उठून ब्रिजडेकच्या तळावर आदळते. ब्रिजडेक म्हणजे आपण टेबल मांडून बसतो तीच जमीन. तो धक्का पायातून वर येतो. टेबलावरचा कप उडतो. जमिनीतल्या झाकणाच्या फळ्या क्षणभर सुटून परत बसतात. त्याला ठेकाही नसतो. दोन मिनिटं काहीच नाही, मग लागोपाठ तीन. सवय होईल म्हणावं तर ती याचमुळे होत नाही. इंजिनरूममधल्या सततच्या आवाजात मी आयुष्यभर गाढ झोपलो, पण त्या रात्री पाळी संपल्यावर डोळ्याला डोळा लागला नाही. बायको समुद्राला घाबरणारी नाही, तरी पहाटे ती म्हणाली, ‘यात राहायचं असेल तर मी फक्त बंदरात राहीन.’ आमच्यापुरता निकाल तिथेच लागला.

बोटीचा वेग, वाऱ्याशी होणारा कोन, हे मोजून सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडे मोजमाप नाही. मी एवढंच सांगू शकतो की पुढे आम्ही जी बोट घेतली, तीत तशाच पाण्यात ही आदळआपट अधूनमधून होते, रात्रभर होत नाही, आणि खालच्या केबिनमध्ये झोप लागते. कारण सरळ आहे. तिचा ब्रिजडेक पाण्यापासून उंच आहे, हल निमुळते असल्याने बोगदा रुंद आहे, आणि ब्रिजडेक पुढच्या टोकापर्यंत न नेता बराच मागे थांबवून पुढे नुसती जाळी आहे.

पंचगंगेच्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. बोटीखालच्या मोकळ्या उंचीकडे त्याच नजरेने बघावं: पाणी आज तळापासून किती खाली आहे, आणि संसार भरल्यावर किती राहील? जुना ठोकताळा असा, की ही उंची बोटीच्या लांबीच्या निदान पाच-सहा टक्के हवी. पावणेतेरा मीटरच्या बोटीला पासष्ट ते पंचाहत्तर सेंटिमीटर. आता या आकाराची कॅट एक सेंटिमीटर खाली बसायला साधारण दोन-अडीचशे किलो पुरतात. पाणी, डिझेल, वॉटरमेकर (खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र), जादा बॅटऱ्या, डिंगी म्हणजे छोटी होडी आणि तिचं इंजिन, गॅसच्या टाक्या, हत्यारांची पेटी, ज्वारीचं पीठ, तांदूळ, चटणीच्या बरण्या असं करत दीड टन कधी होतो कळत नाही. म्हणजे सहा-सात सेंटिमीटर गेले. कागदावरची उंची बहुतेक वेळा रिकाम्या बोटीची असते.

हा दोष सरसकट पहिल्या कुळाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. त्या कुळातही उंच ब्रिजडेकच्या बोटी आहेत. उलट निमुळती दिसणारी, पण ओव्हरलोड करून खाली बसलेली बोटही तितकीच आदळते. नाव बघून घेऊ नका, टेप घेऊन जा. डिंगीत बसून बोटीच्या पुढून बोगद्यात शिरा आणि पुढे, मध्ये, मागे अशा तीन ठिकाणी उंची मोजा. तळ सपाट आहे की मध्ये फुगवटे, पायऱ्या, पेट्या खाली आल्या आहेत ते बघा. केबिनमध्ये दोन्ही बाजूंनी उतरता येणारा मोठा पलंग असेल तर तो कुठे बसवलाय तेही खालून पाहा. बऱ्याचदा त्या पलंगासाठी हल आतल्या बाजूला फुगवलेला असतो आणि बोगदा तेवढा अरुंद झालेला असतो. पलंग बघून घरचे खूश होतात, त्याची किंमत बोगद्यात मोजलेली असते.

निमुळत्या बोटीचं दुखणं वजनाचंच. रुंद हल जादा ओझं बिनतक्रार वाहतो. निमुळत्या हलवर ओझं वाढलं की ज्या चपळाईसाठी जास्तीचे पैसे मोजले ती आधी जाते. दर हिवाळ्यात आम्ही सामान खाली काढतो, निवडतो, निम्मं परत ठेवतो. जहाजावरच्या इंजिनिअरला सुटे भाग टाकवत नाहीत, मलाही नाही. इम्पेलर, बेल्ट, फिल्टर, एक आल्टरनेटर एवढ्यावर मन आवरावं लागतं. ज्यांना वॉशिंग मशीन, मोठा फ्रीझर आणि पाहुण्यांची ये-जा हवी, त्यांनी या वाटेला न गेलेलं बरं.

डॅगरबोर्डबद्दल थोडं. खाली सोडले की बोट वाऱ्याच्या तोंडाकडे बऱ्यापैकी चढते, वर ओढले की उथळ पाण्यात शिरते. पण मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी तरंगते ओंडके आणि मासेमारीची जाळी असतात, आणि खाली सोडलेला बोर्ड ओंडक्यावर बसला तर दुरुस्ती मोठी. म्हणून रात्री आम्ही ते अर्धेच खाली ठेवतो. नांगरावर लाट आडवी आली की बोर्ड पेटीत ठकठक करतो. त्याला रबराची पाचर लागते. ठोस कीलला ही कटकट नाही. फुकेतकडे उधाणाच्या भरतीत पाणी अडीच-तीन मीटर चढतं-उतरतं, तिथे मित्र ओहोटीला वाळूवर बोट कीलवर टेकवतो, तळ घासतो आणि भरतीला निघतो. त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटतो.

वर छतावर हेल्म, म्हणजे सुकाणूची जागा, असलेल्या बोटींबद्दल माझं मत जरा कडक आहे. दिसतं छान. पण छत उंच म्हणून बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) उंच, बूम उंच म्हणून शिडाचं वजन वर, आणि अवेळी शीड आवरायला माणसाला तेवढंच वर चढावं लागतं. रात्री पाळीवरचा माणूस बाकीच्यांपासून तुटतो. साठीपुढच्या जोडप्याने खालचा, कॉकपिटला लागून असलेला हेल्म बघावा.

कुळ कोणतंही असो, कॅट कलत नाही. एका हलची बोट वारा वाढला की झुकून सांगते, कॅट सांगत नाही. म्हणून वाऱ्याचा आकडा बघून रीफ करायची, म्हणजे शीड थोडं आवरून लहान करायची सवय लावावी लागते, आणि झोताचा जोर धरायचा, सरासरी नाही. आमच्याकडे अठरा नॉटला पहिला रीफ, रात्री त्याही आधी. हलक्या, निमुळत्या बोटीला ही शिस्त जास्त लागते, कारण ती पटकन पळू लागते.

खर्चाचं फार लिहीत नाही. मरीनावाले कॅटला एका हलच्या बोटीपेक्षा बहुतेक ठिकाणी जास्त भाडं लावतात, दोन्ही कुळांना सारखंच. विकायला काढली तर पहिल्या कुळाला गिऱ्हाईक लवकर मिळतं, दुसऱ्याला कमी पण जाणकार मिळतं. सेकंडहँड बाजारात भाड्याने चालवलेल्या बोटी भरपूर असतात. त्यांत चार केबिन आणि चार संडास असतात, म्हणजे चार पंप, चारपट नळ्या आणि हलला तेवढी जास्त भोकं. दोघांनी राहायचं असेल तर एक अख्खा हल मालकासाठी ठेवलेली रचना शोधा, थोडे जास्त पैसे गेले तरी.

कुणाच्या मनात आपली किनारपट्टी असेल तर तीही या हिशोबात घ्यावी. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोकणावर सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा आणि दुपारनंतर वायव्येचा जोर. मालवणहून उत्तरेला रत्नागिरीकडे यायचं तर दुपारभर हा वारा आणि त्याची आखूड लाट तोंडावर. वर सांगितलेली आदळआपट जिथे सुरू होते तेच हे पाणी. मालवणच्या खडकाळ, उथळ भागात कमी ड्राफ्टचा (बोट पाण्यात जितकी खोल बसते त्याचा) फायदा दोन्ही कुळांना मिळेल, पण वर यायचं असेल तर उंच ब्रिजडेकची किंमत कळेल. मरीना मात्र मोजक्याच. कोचीला बोलगट्टी बेटावर एक आहे, बाकी बहुतेक ठिकाणी नांगराची तयारी ठेवावी लागते.

एवढं वाचूनही मन रुंद बोटीकडे ओढत असेल तर जरूर घ्या. मित्र सुखी आहे, आणि त्याचा प्रवास तो वारा बघून आखतो. समोरून वारा असेल त्या दिवशी तो निघतच नाही, आणि निवृत्त माणसाला ते जमतं. फक्त खरेदीच्या आधी सी ट्रायल, म्हणजे बोट समुद्रात चालवून बघणं, सकाळच्या शांत पाण्यात उरकू नका. ब्रोकरला सांगून दुपारची वेळ घ्या, टाक्या भरलेल्या असू द्या, घरच्या मंडळींना आत टेबलापाशी बसवा, आणि वाऱ्याच्या तोंडाकडे जितकं चढता येईल तितकं चढून निदान दोन तास बोट चालवा. त्या दोन तासांत आत बसलेल्यांपैकी कुणी उठून बाहेर येऊन बसलं, तर पुढची बोट बघा.