बोटाला लाल रंग लागला, तेव्हाच थांबायला हवं होतं

१,२०,५०० रुपये. एवढे पैसे मोजून मी माझ्याच गाडीचे जुने शॉकअप परत विकत घेतले. लिहायला लाज वाटते. आठ महिने पोलीस-वकील सोडले तर घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. पण गेल्या आठवड्यात एका पेट्रोल पंपावर आणखी एक लिफ्ट केलेली, म्हणजे उंची वाढवलेली, थार दिसली. मला फसवणाऱ्या त्याच गॅरेजचं स्टिकर, पुढे तेच लालभडक शॉकअप, आणि मालक मोठ्या हौसेने लोकांना दाखवत होता. त्याच्या तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. म्हणून इथे लिहितोय.

माझी गाडी २०२१ ची थार. पावसाळ्यात ताम्हिणी, एरवी कोकण, अधूनमधून लोणावळ्याकडे मित्रांबरोबर दगडगोट्यांतले चढ. सामान आणि वरचं कॅरिअर भरलं की गाडी मागून बसायची. दोन इंच उंची आणि जरा कडक स्प्रिंग, एवढंच हवं होतं. अभ्यास न करता गेलो असं कुणी म्हणू नये. तीन महिने वाचत होतो. शॉकअप एका नळीचा (मोनोट्यूब) की दोन नळ्यांचा (ट्विनट्यूब), स्प्रिंगची तार किती जाड, उंची वाढली की मागचा अ‍ॅक्सल त्याला आडवं धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे एका बाजूला सरकतो म्हणून तो रॉड अ‍ॅडजस्टेबल हवा, ब्रेकचे होज लांब लागतात का, हे सगळं विचारूनच गेलो होतो. आणि त्या गॅरेजवाल्याने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं! ज्याला काम येत नाही तो फसवतो, असंच मी समजत होतो. याला काम उत्तम येत होतं.

किट १,१४,५००, मजुरी ६,०००. चार नायट्रोजन भरलेले ऑस्ट्रेलियन शॉकअप, चार स्प्रिंगा, पॅनहार्ड रॉड. ५०,००० अ‍ॅडव्हान्स यूपीआयने दिले. खातं गॅरेजच्या नावाचं नव्हतं, कुणा तिसऱ्याच माणसाचं होतं. “आमच्या खात्याचं लिमिट संपलंय दादा, याच्यावर टाका.” टाकले. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वर लागेल, कशाला उगाच. पैसे वाचतात म्हणून मीही गप्प बसलो. माझ्या जागी दहातले नऊ जण हेच करतात, हेही सांगतो.

दोन दिवसांनी गाडी घ्यायला गेलो. गाडी उंच दिसत होती. टेबलावर परदेशी कंपनीचे चार खोके मांडलेले. मी पुढच्या चाकाआड हात घालून शॉकअपला अंगठा लावला, तर अंगठ्याला लाल रंग लागला. ओला नव्हता, पण चिकट होता, आणि थिनरचा वास येत होता. मी विचारलं, नवीन माल आणि रंग निघतोय? तो म्हणाला, “बोटीतून येतो ना, गंज धरू नये म्हणून वरून कोट मारतात.” मी म्हटलं, माझे जुने शॉकअप गाडीत टाका. तिथला पोरगा मालकाच्या तोंडाकडे बघायला लागला. मालक हसून म्हणाला, “भंगारवाला सकाळीच घेऊन गेला, सवयीने पोरांनी देऊन टाकले.” माझी वस्तू मला न विचारता भंगारात! तेव्हा पाय रोवून उभं राहायला हवं होतं. खोके हातात घेऊन आयातदाराचं नाव-पत्ता बघायला हवा होता. आयात मालाच्या पॅकिंगवर तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मी काय केलं, तर रुमालाला अंगठा पुसला आणि उरलेले ७०,५०० देऊन टाकले. तो रुमाल अजून घरात आहे. डाग गेलेला नाही.

आणि उंची वाढली म्हणजे किट बसलं, असं अजिबात नाही. थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर धरलेलं असतं. शॉकअप लोअर आर्मवर चाकापासून आत बसतो, त्यामुळे त्याच्या डोक्यावर इंचभराची चकती ठेवली तरी चाकापाशी उंची इंचापेक्षा जास्त वाढते. मागे स्प्रिंगखाली एकेक स्पेसर, म्हणजे तशीच चकती. खर्च काही हजारांच्या आत. चाकाचा वर-खाली प्रवास मात्र तसूभरही वाढत नाही. उलट चाक खाली लोंबलं की इंजिनाची ताकद चाकाला देणारा सीव्ही जॉइंट जास्त वाकडा फिरतो आणि त्याच्या रबरी बूटवर ताण येतो. लिफ्ट करायच्या आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या, पण नुसत्या मापावर खूश होऊ नका.

तीन आठवड्यांत माझा डाव्या बाजूचा बूट फाटला. ताम्हिणी उतरताना वळणावर कट-कट आवाज, गाडी एका बाजूला ओढतेय, रिमच्या आत सगळीकडे ग्रीस उडालेलं. बायको आणि मुलगी गाडीत होत्या. माणगावपर्यंत टोइंगचे ४,५०० गेले. तिथल्या मिस्त्रीने पाना लावला, स्क्रूड्रायव्हरने लाल रंग खरवडला. खाली काळा रंग, त्याच्याखाली कंपनीचा नंबर. आणि एक पोचा. गेल्या वर्षी लोणावळ्यात दगड लागून पडलेला, मीच मोबाइलवर फोटो काढलेला पोचा. फोटो काढून ताडून पाहिला. तोच. दुरुस्तीचे १३,८५० वेगळे. एकूण १,३८,८५०.

पुढची कथा आणखी संतापजनक. तक्रार द्यायला गेलो, तर पोलीस चौकीत पहिला प्रश्न आला, “आरटीओची परवानगी होती का?” मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत परस्पर फेरफार करता येत नाही, एका फेरफाराला ५,००० दंड होऊ शकतो, हे मला तिथे दम देऊन सांगण्यात आलं. चोर तिकडे आणि जबाब माझा! मग म्हणे हा व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा. दुसऱ्या ठाण्याची हद्द आहे म्हणून तिकडे पाठवलं. तिकडून परत इकडे. चार खेपा, चार अर्ध्या रजा. एका हेल्पलाइनवर सांगितलं, तुम्ही स्वतः पैसे पाठवले, सेवाही मिळाली, मग फसवणूक कसली? सेवा? माझ्याच शॉकअपला रंग मारणं ही सेवा? बिल नाही म्हणून प्रत्येक जण मान हलवायचा. यूपीआयची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन, मिस्त्रीचे फोटो कुणी नीट पाहिलेही नाहीत. नियम मोडला असेल तर मला जरूर दंड करा, पण त्याने केलेली लूट त्यामुळे माफ होते का?

शेवटी एका वकील मित्राने मार्ग सांगितला. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर लेखी तक्रार टपालाने वरिष्ठांकडे पाठवायची, फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. पक्कं बिल नसेल तर बँकेची नोंद लावा. आणि गाडी गॅरेजला देण्याआधी शॉकअपवरच्या नंबरांचे फोटो काढा, खालच्या बाजूला खिळ्याने खूण करा. जुने सुटे भाग हातात आल्याशिवाय उरलेला पैसा देऊ नका. काम चालू असताना तिथेच बसा. “इन्शुरन्समुळे आत उभं राहता येत नाही” असं गॅरेजवाला म्हणाला की गाडी बाहेर काढा.

माझी आयोगातली तक्रार या महिन्यात दाखल होतेय. डावा शॉकअप काढून ठेवलाय, अर्धा खरवडलेला, पोचा दिसेल असा. पुण्याच्या आसपास ज्यांनी असे लाल शॉकअप बसवलेत त्यांनी एकदा नखाने रंग खरवडून बघा, आणि खाली काळा निघाला तर मला कळवा. अर्ज एकत्र करू.