गिटहब प्रोजेक्ट्सवर स्क्रम: बोर्ड झकास, स्प्रिंटचा हिशेब तुमचा तुम्ही ठेवा

कोड आधीच गिटहबवर आहे आणि टीम दहा जणांच्या आत आहे, तर स्क्रमसाठी (ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, काम करण्याची पद्धत) वेगळं टूल विकत घेण्याआधी गिटहबचंच कामांचे बोर्ड आणि तक्ते बनवणारं साधन, गिटहब प्रोजेक्ट्स, नीट वापरून बघा. आज कोण काय करतंय आणि कुठे अडलंय, हे दाखवण्यात ते सरस आहे. स्प्रिंट संपल्यावर "ठरवलं किती, झालं किती?" असं विचारलंत, तर मात्र ते गप्प बसतं. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. इथे स्प्रिंट हे प्रायॉरिटीसारखंच इश्यूला (म्हणजे नोंदवलेल्या एका कामाला) चिकटवलेलं एक फील्ड आहे. स्प्रिंट सुरू करायचं बटण नाही, बंद करायचं नाही, आणि अर्ध्यावर काम आत-बाहेर गेलं तर अडवणारंही कुणी नाही.

मांडणीला अर्धा तास पुरतो. प्रोजेक्ट वैयक्तिक खात्याखाली न काढता ऑर्गनायझेशनखाली काढा, कारण बग, फीचर, टास्क असे इश्यू टाइप तिथेच मिळतात. फील्ड मोजकी ठेवा: 'स्प्रिंट' नावाचं इटरेशन (ठरावीक कालावधीचे टप्पे देणारं) फील्ड, 'एस्टिमेट' नावाचं नंबर फील्ड (कामाच्या आकाराचा अंदाज, पॉइंटमध्ये), प्रायॉरिटी आणि स्टेटस. स्प्रिंटचा कालावधी आणि पहिली तारीख दिली की सुरुवातीचे तीन स्प्रिंट आपोआप तयार होतात. पुढचे स्वतः जोडायचे. मध्ये ब्रेक टाकायची सोय आहे. दिवाळीच्या आठवड्यात स्प्रिंट कागदावर चालू ठेवण्यापेक्षा तिथे सरळ ब्रेक टाका, पुढच्या तारखा सरकतात. स्प्रिंट गोल, म्हणजे स्प्रिंटचं उद्दिष्ट, लिहायला वेगळी जागा नाही. इटरेशनचं नाव बदलता येतं, त्यामुळे 'स्प्रिंट १४' ऐवजी 'स्प्रिंट १४: परताव्याचे पैसे २४ तासांत' असं नाव द्या. ते बोर्डाच्या फिल्टरमध्ये आणि तक्त्यात सतत डोळ्यांसमोर राहतं.

व्ह्यू (त्याच कामांच्या वेगवेगळ्या मांडण्या) तीन पुरे. पहिला बॅकलॉगचा, म्हणजे करायच्या कामांच्या यादीचा, तक्ता: ज्यांना स्प्रिंट दिलेला नाही आणि जे बंद झालेले नाहीत, असे इश्यू. इथे सॉर्ट लावू नका. सॉर्ट लावला की ओढून क्रम बदलता येत नाही, आणि प्रॉडक्ट ओनरचं मुख्य काम तर क्रम लावण्याचंच. दुसरा प्लॅनिंगचा तक्ता: स्प्रिंटनुसार गट आणि गटाच्या डोक्यावर एस्टिमेटची बेरीज. इश्यू एका गटातून दुसऱ्यात ओढला की बेरीज तिथल्या तिथे बदलते, त्यामुळे प्लॅनिंगची मीटिंग खरंच आवरती होते. तिसरा रोजचा बोर्ड, त्याला स्प्रिंटचा फिल्टर '@करंट'. तारीख उलटली की बोर्ड आपोआप नव्या स्प्रिंटवर जातो, फिल्टर बदलावा लागत नाही. कॉलमला मर्यादा घालता येते, पण ती नुसती दाखवण्यापुरती. 'इन रिव्ह्यू'ला ३ ची मर्यादा घातलीत तरी चौथं कार्ड खुशाल आत जातं. आणखी एक: व्ह्यूमधला बदल सेव्ह केला नाही तर तो फक्त तुम्हालाच दिसतो. डेलीमध्ये (रोजच्या छोट्या बैठकीत) दोघांच्या स्क्रीनवर दोन वेगळे बोर्ड दिसले, तर आधी हेच तपासा.

बहुतेक टीम अडखळतात ते 'डन'पाशी. पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल सामील करून घेण्याच्या विनंतीत) 'फिक्सेस' लिहून इश्यूचा नंबर दिला की मर्ज होताच, म्हणजे बदल सामील होताच, इश्यू बंद होतो, आणि बंद झालेला इश्यू तयार वर्कफ्लोमुळे (आपोआप चालणाऱ्या नियमामुळे) 'डन'मध्ये जातो. ऐकायला छान. पण तुमच्या डेफिनिशन ऑफ डनमध्ये (काम पूर्ण मानण्याच्या अटींत) स्टेजिंगवरची, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवरची, चाचणी असेल, तर टेस्टरने हात लावायच्या आत काम पूर्ण झाल्याचं दिसतं. उलट अडचणही आहे. हे बंद होणं फक्त डिफॉल्ट ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य शाखेत) मर्ज झालं तरच घडतं. रोजचं काम 'डेव्हलप' ब्रँचवर आणि डिफॉल्ट 'मेन' असेल, तर काहीच हलत नाही, कार्डं 'इन रिव्ह्यू'मध्ये साचतात आणि दोष बोर्डाला मिळतो.

यावर उपाय आहे, फक्त तो प्रोजेक्टमध्ये न सापडता रेपोच्या (कोड ठेवलेल्या जागेच्या) सेटिंग्जमध्ये सापडतो. जोडलेली पुल रिक्वेस्ट मर्ज झाल्यावर इश्यू आपोआप बंद करण्याचा पर्याय तिथे काढून टाका. जोडणी कायम राहते, म्हणजे कार्डावर पुल रिक्वेस्ट दिसते, पण इश्यू उघडा राहतो. मग स्टेटसमध्ये 'टेस्टिंग' हा कॉलम घाला आणि प्रोजेक्टच्या वर्कफ्लोमध्ये 'डन' झाल्यावर इश्यू बंद करण्याचा नियम चालू करा. आता कार्ड 'डन'मध्ये ओढणारा टेस्टर ठरवतो, मर्जचं बटण नाही.

एस्टिमेटची बेरीज फुगण्याची दोन कारणं नेहमीची. एक, सब-इश्यू (मोठ्या इश्यूचे तुकडे). एका इश्यूखाली १०० पर्यंत सब-इश्यू आणि आठ पातळ्या चालतात, पण एस्टिमेट आईलाही दिलं आणि लेकरांनाही, तर तक्ता सगळ्यांची बेरीज करतो. ८ पॉइंटचं काम १६ चं दिसतं. पॉइंट एकाच पातळीवर द्या. दोन, पुल रिक्वेस्ट स्वतंत्र कार्ड म्हणून प्रोजेक्टमध्ये येणं. एकाच कामाची दोन कार्डं नको असतील तर बोर्डाच्या फिल्टरमध्ये फक्त इश्यू ठेवा.

आता स्प्रिंट संपवण्याचा भाग. राहिलेलं काम पुढे ढकलणारी सोय इथे नाही. इश्यू जुन्याच स्प्रिंटमध्ये पडून राहतात, आणि '@करंट'च्या बोर्डावरून तर गायब झालेले असतात. म्हणून चौथा, छोटा व्ह्यू करून ठेवा: '@प्रीव्हियस' (मागचा स्प्रिंट) आणि 'डन' नसलेले. स्प्रिंटचा रिव्ह्यू झाला की त्यातला एकेक इश्यू बघून स्प्रिंटचं फील्ड रिकामं करा किंवा नवा स्प्रिंट द्या. हे हाताने करावं लागणं ही उणीव आहेच, तरी स्क्रमच्या दृष्टीने ते फार वाईट नाही. अपुरं काम बॅकलॉगमध्ये परत जाऊन पुन्हा तोललं जायला हवं. आपोआप पुढे सरकणाऱ्या कामाकडे कुणी बघत नाही.

खरं नुकसान वेगळंच होतं. इश्यूचा स्प्रिंट बदलला की जुन्या स्प्रिंटची बेरीज घटते आणि मूळ आकडा गेला तो गेलाच. ३४ पॉइंट घेतले, २६ झाले, ८ पुढे ढकलले. त्यानंतर तक्ता म्हणतो २६ पैकी २६. शंभर टक्के निकाल! म्हणून प्लॅनिंग संपताक्षणी घेतलेले पॉइंट प्रोजेक्टच्या स्टेटस अपडेटमध्ये लिहून ठेवा. त्यात 'ऑन ट्रॅक', 'ॲट रिस्क' असे शेरेही देता येतात.

व्हेलॉसिटी (दर स्प्रिंटला पूर्ण होणारे पॉइंट) मात्र मिळवता येते. इनसाइट्स या प्रोजेक्टच्या चार्टच्या विभागात नवा चार्ट काढा, आडव्या अक्षावर स्प्रिंट, उभ्यावर एस्टिमेटची बेरीज, फिल्टर 'डन'. अट एकच: जुनं काम आपोआप आर्काइव्ह करणारा वर्कफ्लो बंद ठेवा किंवा त्याची मुदत भरपूर लांब ठेवा. आर्काइव्ह झालेले आयटम इनसाइट्स मोजत नाही, त्यामुळे मागच्या स्प्रिंटचे खांब हळूहळू बुटके होत जातात आणि टीमचा वेग वाढत चालल्याचा भास होतो. काळानुसार बदल दाखवणारा तयार चार्ट बर्न-अपचा (झालेलं काम चढत जाताना दाखवणारा) आहे, बर्नडाउन (उरलेलं काम उतरत जाताना दाखवणारा) नाही, आणि तो सशुल्क प्लॅनमध्ये आहे.

ऑटोमेशन स्वतः लिहिणार असाल तर गिटहब ॲक्शन्सचा (गिटहबवर कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीचा) नेहमीचा टोकन, म्हणजे प्रवेशाची किल्ली, प्रोजेक्टपर्यंत पोचत नाही, कारण त्याचा अधिकार रेपोपुरता. गिटहब ॲप किंवा प्रोजेक्टचा स्कोप (परवानगी) असलेला वैयक्तिक टोकन लागतो. तसंच प्रोजेक्ट बघायची परवानगी आणि रेपो बघायची परवानगी वेगवेगळी असते. क्लायंटला बोर्ड दाखवायचा, पण खाजगी रेपो दाखवायचा नाही, असं केलंत तर त्याला कार्डांमधला मजकूर दिसतच नाही. प्लॅनिंगच्या चर्चा आणि कोड वेगळ्या रेपोत ठेवणं हाच त्यावरचा साधा मार्ग.

तुलना गिटलॅबशी, म्हणजे गिटहबसारख्याच दुसऱ्या सेवेशी, होणारच. तिथे इटरेशन ही खरोखर वेगळी वस्तू आहे: ठरावीक अंतराने आपोआप तयार होणारी, अपुरं काम पुढे नेणारी, स्वतःचा बर्नडाउन आणि अहवाल असलेली. पण इटरेशन आणि वेट (तिथलं एस्टिमेट) दोन्ही प्रीमियममध्ये आहेत, माणशी महिना २९ डॉलर. गिटहबचा टीम प्लॅन ४ डॉलरचा. गिटलॅबच्या फुकट प्लॅनवर माइलस्टोनलाच (तारखेने बांधलेल्या इश्यूंच्या गटाला) स्प्रिंट मानून काम चालवतात, आणि तिथे पॉइंटची बेरीज मिळत नाही. म्हणजे फुकटातलं स्क्रम गिटहबवर जास्त नीट होतं. चार-पाच टीम एकाच प्रॉडक्टवर असतील आणि वरच्या लोकांना दर स्प्रिंटचा अहवाल लागत असेल, तर गिटलॅब प्रीमियमचे पैसे वसूल होतात. एका टीमसाठी गिटहब आणि प्लॅनिंगनंतर घेतलेल्या पॉइंटची एका ओळीची नोंद पुरते.