७०-३०० मिमी झूम लेन्सचा ऑटोफोकस : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

प्राथमिक श्रेणीच्या डीएसएलआरवर ७०-३०० मिमी, एफ/४-५.६ ही झूम लेन्स मी गेल्या पावसाळ्यापासून वापरत आहे. गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्या, दिवाळीनंतरच्या मंडया (गावजत्रा) आणि हिवाळ्यातील शंकरपट (बैलांच्या शर्यती) हे तिचे नेहमीचे काम. तिचा ऑटोफोकस (आपोआप फोकस लावण्याची सोय) पटकन लागत नाही, नुसता शोधत फिरतो, ही सर्वत्र ऐकू येणारी तक्रार खरी आहे. मात्र ती कोणत्या परिस्थितीत खरी ठरते, हे पाहिल्याशिवाय लेन्सला दोष देऊ नये.

दिवसाच्या उजेडात साधारण २०० मिमीपर्यंत लेन्स समाधानकारक चालते. ३०० मिमीवर, विशेषतः सूर्य कलल्यावर, ती घरघरत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरते, परत येते, आणि तोवर सारसाची जोडी दूर गेलेली असते. अशा कॅमेऱ्यांचे फोकस बिंदू सहसा एफ/५.६ पर्यंतच्या ॲपर्चरसाठी (लेन्समधील उजेडाच्या छिद्रासाठी; एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) आखलेले असतात आणि ३०० मिमीवर ही लेन्स नेमकी त्या मर्यादेवर उभी असते. शिवाय लांब फोकल लेंग्थवर, म्हणजे जास्त झूमवर, फोकस थोडा जरी हुकला, तरी चित्र इतके धूसर होते की सेन्सरला पकडण्यासाठी एकही स्पष्ट रेषा उरत नाही. आयएसओ (चित्र टिपणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा, असा सल्ला अनेक जण देतात. व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहायच्या खिडकीतून) फोकस करताना त्याचा काहीही उपयोग होत नाही, कारण फोकसचा सेन्सर वेगळा असतो.

बिंदूंची निवड कॅमेऱ्यावर सोपवल्यास तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू धरतो, म्हणजे पक्ष्याऐवजी धुऱ्यावरचे गवत. म्हणून मी केवळ मधला बिंदू वापरतो. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा ओळखणारा तो एकच असतो. आधी झूमच्या लांबच्या टोकाला, पक्षी येईल तितक्याच अंतरावरील झाडावर फोकस करून ठेवला, तर पक्षी आल्यावर लेन्सला फार फिरावे लागत नाही. झूम बदलल्यावर मात्र फोकस पुन्हा घ्यावा लागतो, कारण या वर्गातील बहुतेक लेन्समध्ये तो सरकतो. झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातील) रात्रीच्या नाटकांत मी ७० मिमीच्या आसपास राहतो आणि काळ्या कोटाऐवजी शालूच्या जरीकाठावर बिंदू ठेवतो; कॅमेऱ्याचा मदतनीस दिवा तेवढ्या अंतरावर पोहोचत नाही. मे महिन्यातील दुपारी तापलेल्या शेतावरची हवा थरथरते, तेव्हा फोकस अचूक लागूनही चित्र मऊच येते. त्याला पहाटेशिवाय इलाज नाही.

लेन्स खरोखर सदोष आहे का, हे तपासायचे असल्यास तिवईवरून तेच दृश्य एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या पडद्यावर पाहून) टिपावे. लाइव्ह व्ह्यूचे चित्र दरवेळी अधिक रेखीव येत असेल, तर लेन्स आणि फोकसच्या सेन्सरची जुळणी बिघडलेली असते. ती सुधारण्याची सोय स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा नसते. कॅमेरा आणि लेन्स दोन्ही नागपूरच्या सेवा केंद्रात न्यावे लागतात. माझी लेन्स या परीक्षेत उत्तीर्ण झाली.

जुनी लेन्स घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांमध्ये फोकस मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली जुनी झूम स्वस्त मिळाली, तरी तिच्यावर फोकस हातानेच करावा लागतो.