पेनाचा आकडा चढला आणि मी बेचाळीसशे रुपये मोजले

लग्न होऊन नाशिकला आले त्याला सव्वीस वर्षं झाली, पण इथली थंडी अंगाला अजून मानवत नाही. माहेर राजापूरकडचं. तिथल्या दमट हवेत अंग उलतं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. फार तर आजीच्या टाचांना भेगा पडायच्या आणि ती कोकमाचं मुठेल, म्हणजे त्याच्या बियांचं घट्ट तूप, दिव्यावर वितळवून त्यात भरायची. इकडे निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की दोन दिवसांत माझे गाल उललेच म्हणून समजा.

मागच्या वर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कुणाच्या तरी ओळखीने एक ‘स्किन कन्सल्टंट’ मॅडम आल्या. अंगात डॉक्टरांसारखा पांढरा कोट, बोलणं गोड. सगळ्यांना वाण म्हणून क्रीमची इवलीशी डबी दिली. मला माहेर विचारलं आणि मी सांगताच म्हणाल्या, “मग मुठेल माहीतच असेल ताई. आमच्या क्रीममध्ये तेच आहे. एकही केमिकल नाही, टिकवायला घालतात ते प्रिझर्व्हेटिव्हही नाही.” नाशिकमध्ये कुणाच्या तोंडून मुठेल हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. खरं मुठेल वितळायला दिव्याची ऊब लागते, मी नुसत्या शब्दावर वितळले.

मग प्रयोग. पेनासारखं एक यंत्र त्यांनी माझ्या मनगटावर टेकवलं. आकडा आला 26. “बघा, त्वचेत पाणीच नाही.” बोटभर क्रीम चोळलं, पुन्हा पेन टेकवलं: 51. हॉलमध्ये “अगंबाई!” झालं. मग एक पारदर्शक जेल हाताला लावून चोळलं, तर मळाच्या राखाडी वळ्या पडायला लागल्या. “इतकी वर्षं साबण लावून हा मळ आतच होता.” सगळ्यांसमोर इतकी लाज वाटली की किंमत विचारायच्या आधी मी पर्समध्ये हात घातला. दिवसाचं क्रीम, रात्रीचं क्रीम आणि जेल, बेचाळीसशे रुपये. पेन भेट. पैसे त्यांच्या खाजगी खात्यावर, फोनवरून. पावती मागायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक संच मागवला, भावाच्या मुलीसाठी. तिचं मे महिन्यात लग्न होतं.

आणि क्रीमने काम केलं. दहा दिवसांत गाल मऊ, जुने डाग फिके, रंग उजळ. भाजीवाली म्हणाली, “ताई, काय लावता?” मी चार जणींना मॅडमचा नंबर दिला. त्यातल्या एकीने अजून माझ्याशी धड बोलणं सुरू केलेलं नाही, आणि तिचं बरोबर आहे.

एप्रिलच्या शेवटी रात्रीचं क्रीम संपत आलं. मॅडमचा फोन बंद. पाच-सहा दिवसांत माझा चेहरा तापायला लागला. गॅसपुढे उभी राहिले तरी गालांवर तिखट चोळल्यासारखं व्हायचं. लालीतून बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. त्याच आठवड्यात भावाचा फोन: तिचंही तसंच. हळदीच्या दिवशी पोरीने हाता-पायांना हळद लावून घेतली, चेहऱ्याला कुणाला हात लावू दिला नाही. “आत्या, आग होतेय गं.” पाहुण्यांना तिने उन्हाची अ‍ॅलर्जी म्हणून सांगितलं. तिने माझं नाव एकदाही घेतलं नाही, ते मला जास्त लागलं.

लग्नानंतर दोघी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी डबी पाहायच्या आधी चेहरा पाहिला आणि विचारलं, “रात्रीचं क्रीम किती महिने लावलंत?” त्यांच्या मते हा स्टेरॉइडचा चेहरा होता. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं म्हणून आपण उजळ दिसतो, दाह दाबतं म्हणून त्वचा गुळगुळीत लागते, आणि महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ करतं. बंद केलं की त्याच रक्तवाहिन्या फुलतात आणि आग सुरू होते. बाई घाबरून परत तेच लावते, अशी ही साखळी. असली मलमं 2018 पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. “मॉइश्चरायझर गोरं करत नाही हो,” डॉक्टर म्हणाल्या. “दहा दिवसांत केलं, तर ते मॉइश्चरायझर नाही.”

त्यांनी आमची लघवीही तपासायला लावली, प्रथिनं जातात का बघायला. आम्ही बुचकळ्यात. असल्या बिननावाच्या क्रीममध्ये कधी कधी पाराही असतो आणि तो कातडीतून आत जाऊन मूत्रपिंड बिघडवतो. अकोल्याच्या एका मुलीची, तिच्या आईची आणि बहिणीची बातमी मी तेव्हा वाचलेली होती. ब्यूटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम, तिघींना मूत्रपिंडाचा त्रास, आणि तपासणीत क्रीममध्ये पारा. वाचून हळहळले होते आणि पान उलटलं होतं. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात नकळत राहिलेला पारादेखील दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही (डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी वेगळी मर्यादा आहे). आमचे रिपोर्ट चांगले आले. ते येईपर्यंतचे दोन दिवस मात्र मी भावाचा फोन उचलला नव्हता.

पेनाचं रहस्य मावसभावाने फोडलं. तो अंबरनाथला क्रीमच्या कारखान्यात केमिस्ट आहे. घरी आला, पेन उलटसुलट पाहिलं आणि नळाखाली बोट धरून माझ्या मनगटाला लावलं. पेन टेकवलं: 58. “ताई, तुमच्या मॅडमच्या क्रीमपेक्षा नाशिक महानगरपालिकेचं पाणी सरस आहे.” पेन विजेवर चालतं. ओल्या कातडीतून वीज सहज जाते, आकडा चढतो. क्रीममध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं, मग लावल्या लावल्या आकडा चढेल नाही तर काय होईल? खरी चाचणी करायची तर आधी माणसाला ठरावीक तापमानाच्या आणि ठरावीक दमटपणाच्या खोलीत वीस-तीस मिनिटं बसवतात, क्रीम लावतात आणि काही तासांनी मोजतात. त्वचेतून किती पाणी उडून जातंय, तेही वेगळ्या यंत्राने पाहतात. हळदीकुंकवाच्या हॉलमध्ये डाव्या हाताला अत्तर लावून हे होत नाही.

आणि मळ? त्याने तेच जेल स्टीलच्या स्वच्छ ताटलीत घेतलं, चिमूटभर मीठ टाकून चोळलं. वळ्या! जेल घट्ट करणारा पदार्थ मिठाने फाटतो. आपल्या हातावर घामाचं मीठ असतंच, आणि वळ्यांना राखाडी रंग यायला थोडी धूळ पुरते. सगळ्यांसमोर मी ज्या मळाची लाज बाळगली, तो जेलचाच होता.

मग तो क्रीम कसं करतात ते सांगत बसला. पाण्याचा भाग वेगळा, तेलाचा वेगळा, दोन्ही सत्तर-पंच्याहत्तर अंशांना तापवून एकजीव करायचे, दोघांना धरून ठेवायला इमल्सिफायर. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलियम जेलीसारखा पदार्थ वरून झाकण घालतो, आणि कोकमाच्या तुपासारखं काही कातडीच्या फटी बुजवून ती मऊ करतं. म्हणजे आजीचं मुठेल खोटं नव्हतं, त्याचं नाव घेऊन विकलेलं खोटं होतं. ‘केमिकल नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ हे ऐकून तर तो हसलाच. पाणी आहे आणि प्रिझर्व्हेटिव्ह नाही, असं क्रीम न्हाणीघरात साडेतीन महिने टिकलं कसं? ओल्या खोबऱ्याची चटणी दुसऱ्या दिवशी आंबते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. त्यांच्याकडे क्रीममध्ये मुद्दाम जंतू आणि बुरशी सोडून अठ्ठावीस दिवस बघतात, ती मरतात की वाढतात ते. शिवाय चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या कपाटात महिनोन् महिने डब्या ठेवतात, तेल-पाणी फुटतंय का पाहायला.

शेवटी त्याने आमची डबी उलटी करून विचारलं, “यावर काय लिहिलंय?” सोनेरी पानाफुलांचं चित्र आणि ‘100% नैसर्गिक’. उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, घटकांची यादी नाही, वापरायची मुदत नाही. हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मी दुधाची पिशवी घेताना तारीख बघते. ही डबी साडेतीन महिने रोज रात्री हातात घेतली.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अन्न व औषध प्रशासनाला अर्ज दिला, तळाशी उरलेलं क्रीम डबीसकट दिलं. पावती नाही, नाव-पत्ता नाही. अहवाल आलेला नाही, म्हणून डबीत नेमकं काय होतं ते मी कागदावर दाखवू शकत नाही. पैसे गेले ते गेलेच. माझा चेहरा दिवाळीपर्यंत निवला, भाचीचा त्यानंतर. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं ते म्हणजे उन्हासाठी सनस्क्रीन आणि दुकानात दीडशे रुपयांना मिळणारं साधं, वास नसलेलं क्रीम. आंघोळीनंतर अंग टिपून, ओलसर असतानाच लावायचं.

यंदाच्या संक्रांतीला सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा निरोप आला, ‘मोफत त्वचा तपासणी’. मॅडम नवीन, कोट पांढराच. मी माझं पेन आणि पेलाभर नळाचं पाणी घेऊन गेले. सगळ्यांसमोर बोट बुडवलं, शेजारणीच्या मनगटाला लावलं. आधी 30, मग 57. मॅडम म्हणाल्या, “ताई, तुमचं पेन बिघडलंय.” बायका हसल्या, चहा झाला, तिळगूळ वाटला. तरी दोघींनी डबी घेतली.