लाल दिवा आणि बत्तीसशे रुपये

देवगडकडे आमचं घर. जुलैत एका रात्री वारा एवढा सुटला की गेलेली लाईट सकाळीच आली. लाईट आली, पण नेट नाही. राउटरचा पॉवरचा दिवा हिरवा आणि बाजूला 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल, लुकलुकणारा. पुण्याहून आलेल्या मुलीची दहाला मीटिंग. कंपनीच्या लाइनमनचा फोन लागेना, म्हणून गावच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका 'वायफाय रिपेरिंग'वाल्याचा नंबर मी लावला.

अर्ध्या तासात माणूस दारात! इथेच संशय यायला हवा होता. आमच्याकडे प्लंबर बोलावला तर मधे एक संकष्टी जाते. त्याने राउटर उचलला, मागच्या भोकात पिन खुपसून धरली, पुन्हा लावला आणि मान हलवली.

"काका, विजेने बोर्ड उडालाय. त्यात तुमच्या भिंती चिऱ्याच्या, रेंज मरते. नवा राउटर आणि बूस्टर, दोन्ही घ्या."

भिंतींचं खरं होतं. जाड चिऱ्यात वायफाय अडतं, फाइव्ह गिगाहर्ट्झचं तर जास्तच. आमच्या माजघरात कधी धड नेट आलंच नाही. त्या एका खऱ्या वाक्यामागून बाकीचं सगळं मी निमूट गिळलं. ३,२०० रुपये फोनवरून दिले. पावती 'व्हॉट्सॲप करतो' म्हणाला. जुना राउटर 'एक्स्चेंज' म्हणून पिशवीत टाकला. "सेटिंग वरून होईल, संध्याकाळपर्यंत चालू."

संध्याकाळी मुलीने टेबलामागे वाकून पाहिलं. हिरव्या टोकाची बारीक फायबरची वायर नुसती लोंबत होती. नव्या डब्याला ती घालायला जागाच नव्हती! फायबरमधून येणारा उजेड वाचणारा डबा तो पिशवीतून घेऊन गेला होता. आणि तो डबा आमचा नव्हताच, कंपनीचा होता.

त्याचा फोन बंद. मुलीने ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर काढून दिला, पण दाखवायला पावती कुठे होती?

तिसऱ्या दिवशी कंपनीचा लाइनमन आला. घरात न शिरता वायरीच्या मागोमाग थेट परड्यात गेला आणि तिथूनच ओरडला, "काकानू, चुडत पडान वायर तुटली हा. राउटराक काय्येक झालला नाय!" चुडत म्हणजे माडाची झावळी.

'एलओएस' म्हणजे 'लॉस ऑफ सिग्नल', तो दिवा लाल म्हणजे फायबरमधला उजेड घरापर्यंत पोचतच नाही, हे त्याने मग सांगितलं. अशा वेळी रिसेटची पिन दाबू नका, उलट, आहे ती सेटिंगही पुसली जाते. आधी बाहेर जाऊन माड, कुंपण, खांब बघा. वायर तुटलेली दिसली तर टोकाला डोळा लावू नका, कंपनीला कळवा. आणि कुणालाही जुना डबा नेऊ देऊ नका.

वायर अर्ध्या तासात जोडून झाली. हरवलेल्या डब्याचे पैसे मात्र कंपनीला वेगळे भरले. नवा राउटर माळ्यावर पडून आहे. बूस्टर माजघरात लावलाय. तो चालतो.